झाड तोडण्याआधी ढोल पाहिली जावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्चमध्ये आमच्या गावाजवळ रस्ता रुंद करण्यासाठी एक जुने जांभळाचे झाड पाडण्यात आले. खोड आडवे होताच ढोलीतून पिंगळ्याची, म्हणजे लहान जातीच्या घुबडाची, तीन पिल्ले बाहेर फेकली गेली. दोन जागीच मेली आणि तिसरे धुळीत बसून पिवळे डोळे विस्फारून जमलेल्या माणसांकडे पाहत राहिले. तोडीची परवानगी रीतसर होती. तिच्यात झाडाची जात होती, खोडाचा घेर होता. ढोलीसाठी रकाना मात्र नव्हता. त्या एका रकान्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पिंगळा आणि गव्हाणी घुबड काड्याकाटक्या गोळा करून घरटे विणत नाहीत. झाडाची ढोल, पडक्या भिंतीचे भोक, विहिरीची कपार हेच त्यांचे घर. फांदी मोडावी, जखमेत पाणी मुरावे, बुरशीने आतले लाकूड सडावे, तेव्हा कुठे घुबडाच्या मापाची ढोल तयार होते, आणि त्यासाठी झाडाला वय लागते. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात पाच रोपे लावल्याचे जे सांगितले जाते, त्या रोपांना पिंगळा बसेल अशी ढोल कित्येक दशके येणार नाही.

आपल्या जिल्ह्यात राधानगरीसारखे अभयारण्य आहे, त्याचा समावेश २०१२ साली जागतिक वारसास्थळांत झाला, याचा अभिमान मलाही आहे. पण घुबडे अभयारण्याची हद्द पाहून राहत नाहीत. भुदरगड, आजरा, शाहूवाडीकडच्या देवरायांत, उसाच्या बांधावरच्या आंब्यात, देवळाच्या शिखरात ती माणसाच्या सोबतीनेच राहतात. आमच्या देवळामागच्या भिंतीखाली गव्हाणी घुबडाने ओकून टाकलेल्या काळपट गोळ्या पडतात. त्यातली एक मी पाण्यात भिजवून उकलली, तर केसांच्या लगद्यात उंदराच्या कवट्या आणि नारिंगी दातांचे जबडे निघाले. ज्या उंदीर-घुशींपायी उसाचे कांडे न् कांडे कुरतडले जाते, त्यांचा हा हिशेब एकही पैसा न घेता रोज रात्री होतो. आपण मात्र बांधावर विषारी गोळ्या टाकतो. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्तावून उघड्यावर फिरतो, घुबडाच्या तावडीत सापडतो आणि ते विष घुबडाच्या पोटात जाते.

घुबडाला अशुभ मानणे आणि अमावास्येच्या तंत्रमंत्रासाठी त्याचा बळी देणे हे तर निव्वळ क्रौर्य आहे. माझी आजी पहाटे दारी भिक्षा मागायला आलेल्या पिंगळा जोशाला सुपातून जोंधळा वाढायची. पक्ष्याची भाषा कळते म्हणून त्या भिक्षेकऱ्याला पक्ष्याचेच नाव पडले, असे ती सांगे. ज्याच्या बोलीला इतका मान होता, त्याच्या घराची आज कोणी चौकशीही करत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि संरक्षित पक्ष्याची अंडी फोडणे किंवा घरटे उद्ध्वस्त करणे ही त्या कायद्याने शिकारच ठरते. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात ५० वर्षांहून जुन्या झाडांना पुरातन वृक्षाचा दर्जा देणारी २०२१ ची दुरुस्ती झाली खरी, पण ती नागरी भागापुरती. गावच्या रस्त्याकडेची झाडे तिच्या बाहेर राहिली. म्हणून परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, पंचनाम्यात ढोलीची नोंद सक्तीची करावी, ढोल असलेले झाड वाचवता येत असेल तर वाचवावे, आणि तोड अटळच असेल तर निदान हिवाळा-उन्हाळ्यातला विणीचा काळ टाळावा. देवराईतले वठलेले झाड सरपणासाठी काढू नये, एवढे तर ग्रामसभासुद्धा ठरवू शकते.

ते तिसरे पिल्लू आम्ही टोपलीत घालून शेजारच्या आंब्यावर बांधले. दिवेलागणीला पिंगळ्याची जोडी कलकलत आली आणि त्याला चारा भरवू लागली. परवा पाहिले, तर त्या आंब्याच्या खोडावरही तोडीचा क्रमांक रंगवलेला होता.

आपला,
एक शेतकरी वाचक,
जि. कोल्हापूर