प्लेटलेटचा आकार आणि मधुमेहींचे डोळे

संपादक महोदय,

सीबीसी या नेहमीच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टमधला ‘एमपीव्ही’ म्हणजे प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशींचा, सरासरी आकार, साधारण ७.५ ते ११.५ फेम्टोलिटर (आकारमानाचे अतिसूक्ष्म एकक). मोठ्या प्लेटलेट अधिक सक्रिय असतात, गुठळी लवकर करतात. मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडलेल्यांत हा आकडा सरासरीने जास्त असल्याचे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. मात्र निरोगी आणि आजारी यांचे आकडे इतके एकमेकांत मिसळतात की एकट्यादुकट्या रुग्णाचे निदान त्यावरून होत नाही.

त्यात मुंबईची अडचण वेगळीच. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे प्लेटलेट फुगतात, पहिल्या तासा-दोन तासांत सर्वाधिक. सकाळी बोरिवलीत घरी घेतलेले रक्त दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला यंत्रावर चढले, की आकडा आपोआप वाढलेला! शिवाय यंत्रागणिक फरक. तुलना करायचीच तर लॅब तीच, वेळेचे अंतर तेच हवे. लॅबनी रिपोर्टवर रक्त घेतल्याची आणि तपासल्याची, दोन्ही वेळा छापाव्यात. वाढलेला आकडा पाहून मनाने अ‍ॅस्पिरिन सुरू करणे तर सरळ धोक्याचे.

टाइप २ मधुमेहात निदान होताच आणि पुढे दरवर्षी, नजर स्वच्छ असली तरी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते. त्या दिवशी स्कूटर घरीच ठेवावी.

– एक पॅथॉलॉजिस्ट, मुलुंड