बाई, कपाटं उघडी ठेवल्याबद्दल

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या शालेय ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या पडताळणीचं काम संपलं तेव्हा तुम्ही मला चहा दिलात आणि वर "तुमच्या चार दुपारी मोडल्या" म्हणून माझेच आभार मानलेत. मला तेव्हा काही बोलायला सुचलं नाही. घरी आल्यावर वाटलं, आभार मानायचे ते मी, आणि तेही चार लोकांच्या कानावर जातील असे. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. तुमचं आणि शाळेचं नाव घातलेलं तुम्हाला आवडणार नाही, ते घालत नाही. कोथरूडमधल्या पालकांना कळायचं ते कळेल.

मी शिकले त्या शाळेतही ग्रंथालय होतं. म्हणजे व्हरांड्यात काचेची तीन कपाटं होती आणि तिन्हींना कुलपं होती. शनिवारी शेवटच्या तासाला मॉनिटर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन वर्गात यायचा आणि हजेरी क्रमांकाप्रमाणे वाटत जायचा. वाट्याला येईल ते न्यायचं, पुढच्या शनिवारी परत करायचं. भाजीपाला लागवडीवरचं एकच पुस्तक मला एका वर्षात तीनदा मिळालं. मधल्या कपाटात निळ्या पाठीचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते काचेच्या चौकटीमागे अर्धं झाकलेलं असायचं, त्यामुळे मला त्याचं नावसुद्धा कधी पुरतं वाचता आलं नाही. दहावी होऊन शाळा सुटली तरी ते तिथेच होतं.

त्यामुळे माझ्या मुलाला पाचवीत तुमच्या शाळेत घातलं आणि पहिल्यांदा ग्रंथालय बघायला आले, तेव्हा मी दारातच थबकले होते. कपाटांची दारं काढून ठेवलेली. खालचे दोन कप्पे लहान मुलांचे, मांडी घालून बसलं की हाताला येतील असे. सतरंजीवर दोन मुली पालथ्या पडून काहीतरी वाचत होत्या आणि त्यांना कुणी "नीट बसा" म्हणत नव्हतं. मी विचारलं होतं, पुस्तकं जात नाहीत का? तुम्ही म्हणालात, "जातात की."

तेव्हा आमच्या घरची स्थिती तुम्हाला अर्धीच माहीत होती. उरलेली अर्धी आज सांगते. मुलगा वाचताना अडखळायचा. जोडाक्षर आलं की थांबायचा, ओळ सुटायची, पुन्हा मागे जायचा. चौथीत वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आली की पोरं हसायची. घरी मी काय केलं? रोज संध्याकाळी त्याला समोर बसवून "दोन पानं वाच आणि काय कळलं ते सांग" असा नेम धरला. मनात काळजी होती, पण त्याच्या दृष्टीने ती रोजची परीक्षाच होती. सहा महिन्यांत तो पुस्तक दिसलं की पोट दुखतं म्हणायला लागला. खोटं नाही, खरोखरच दुखायचं त्याचं.

गुरुवारच्या ग्रंथालयाच्या तासाला तो खिडकीपाशी बसून वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहीत असायचा. तुम्ही त्याला कधी हटकलं नाहीत. एक दिवस नुसतं वाकून बघितलंत. पुणे, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी... थेट कामशेत, मळवली, लोणावळ्यापर्यंत लोकलची सगळी स्टेशनं ओळीने. त्याचा मामा चिंचवडला राहतो, तिथे जाऊन जाऊन पाठ झालेली. तुम्ही विचारलंत, "यातल्या किती गाड्या तळेगावपर्यंतच जातात?" त्याला ठाऊक नव्हतं. तुम्ही कपाटावरून रेल्वेचं जुनं वेळापत्रक काढून त्याच्या हातात दिलंत.

तो ते घरी घेऊन आला तेव्हा मी तुमच्यावर रागावले होते, बाई. मला वाटलं, मुलाला वाचता येत नाही म्हणून यांनी हातात काहीही टेकवून वाटेला लावलं. शाळेच्या कॅलेंडरमध्ये मी लिहून पाठवलं, "कृपया गोष्टीचं पुस्तक द्यावे." खाली तुमचं उत्तर आलं, "वाचतोय ना? थोडं थांबू या." ते कॅलेंडर मी अजून जपून ठेवलं आहे.

तो खरंच वाचत होता. रात्री दिवा घालवला तरी. आकडे, रकाने, बारीक अक्षरातल्या तळटीपा, "रविवारी धावणार नाही". गोष्टीच्या पुस्तकात जे शब्द त्याला अडवायचे, त्याहून अवघड स्टेशनांची नावं तो सोडवत होता. कारण त्याला ती हवी होती. मग तुम्ही मोठ्या अक्षरातलं इंजिनांचं चित्रमय पुस्तक दिलंत. मग बोगदे कसे खणतात त्याचं. मग सह्याद्रीवरचं. कपाटांच्या कडेला चिकटवलेले वर्गांक, म्हणजे विषयांचे आकडे, त्याला पाठ झाले. "आई, ३८५ म्हणजे रेल्वे, तिथून सुरुवात करायची," असं तो मला समजावत असे. एकदाही तुम्ही त्याला सारांश लिहायला लावला नाहीत, काय बोध घेतलास ते विचारलं नाहीत. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या कामात मोठं काम हेच.

गेल्या दिवाळीत आम्ही मुंबईहून परत येत होतो. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागली आणि हा खिडकीपाशी सरसावून बसला आणि सांगायला लागला. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पूर्वी मध्येच एक स्टेशन होतं, तिथे गाडी थांबून उलट्या दिशेने निघायची, कारण डोंगराने वळायला जागाच दिली नव्हती. आणि मग त्याने मला अॅलिस ट्रेडवेलची हकिगत सांगितली. घाटाचं कंत्राट घेतलेला तिचा नवरा सॉलोमन १८५९ मध्ये भारतात येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि परक्या देशात तिने ते काम अंगावर घेऊन पुरं करून घेतलं. "आई, तू असतीस तर केलं असतंस का?" असं त्याने विचारलं. मी लहानपणापासून या घाटातून जाते-येते आहे, मला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. सांगताना "ट्रेडवेल" या नावावर तो अडखळला, थांबला आणि पुन्हा नीट म्हणाला. अडखळणं गेलेलं नाही, बाई. पण अडखळला की तो आता मान खाली घालत नाही. समोरच्या बाकावरचे आजोबासुद्धा ऐकत होते आणि हा सांगत होता.

तुमच्या पुस्तकांच्या मागच्या पाकिटातल्या चिठ्ठ्यांबद्दल मला पडताळणीच्या वेळीच कळलं. वाचून झालं, किंवा अर्ध्यावर सोडलं, तरी पुढच्या वाचणाऱ्यासाठी एक ओळ पेन्सिलीने लिहून ठेवायची. नाव घालायचं नाही. मी मोजणी सोडून त्याच वाचत बसले होते, म्हणून पहिल्या दुपारी काम मागे पडलं. "चाळीस पानांपर्यंत कंटाळा येतो, नंतर जेवायला बोलावलं तरी उठवत नाही." "यातलं कुत्रं मरत नाही, घाबरू नका." एका मुलीने लिहिलं होतं, "मला आवडलं नाही पण आजीला आवडलं." आणि बोगद्यांच्या पुस्तकात माझ्या मुलाचं अक्षर मी लगेच ओळखलं: "नकाशा छान आहे. शेवटचं पान फाटलंय, बाईंना सांगितलंय." आपल्या मुलाने आपल्याला न विचारता, कुणासाठी तरी लिहिलेली ही पहिली ओळ मी वाचली.

फाटलेल्या पानांवरून आठवलं. तिसऱ्या दुपारी सहावीची चार मुलं सुट्टीत मुद्दाम येऊन पुस्तकं दुरुस्त करत बसली होती. खळ शिजवलेली, खाकी कागद, दाभण, दोरा. एक जण कपाटांच्या कोपऱ्यांत वेखंडाच्या पुड्या ठेवत होता, कसर लागू नये म्हणून. ज्या पुस्तकाची पाठ आपण शिवली ते पुस्तक पोर उघडून बघणारच. बघत होतीही, काम थांबवून. तुम्ही घाई केली नाहीत.

मी हिशेबाच्या कामातली बाई. नोंदवही हातात आली की माझं लक्ष आधी शेऱ्याच्या रकान्याकडे जातं. ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात चढवतात त्या दाखल नोंदवहीत "जीर्ण" खूप होते, त्याचं काही वाटलं नाही. पण "गहाळ" सतरा निघाले. या सतरांचा जाब तुम्हालाच द्यावा लागतो, हे मला त्या दिवशी समजलं. मी म्हटलं, निदान महागडी पुस्तकं तरी कुलपात ठेवा. तुम्ही देवघेवीची वही माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "कपाट बंद ठेवलं की तो रकाना कोरा राहतो. पण मग ही वहीपण कोरी राहते." वही जाड होती, कोपरे मळलेले, पानोपानी मुलांच्या सह्या. मग तुम्ही सांगितलंत की घर बदलताना माळ्यावर सापडलं म्हणून एक पालक मागे शाळेचं पुस्तक घेऊन आले होते, त्यांचा मुलगा तेव्हा नोकरीला लागला होता.

तुमच्या टेबलावर काचेखाली तुमच्या अक्षरात रंगनाथनांची ग्रंथालयाविषयीची पाच सूत्रं आहेत. ती १९३१ ची आहेत, आणि रंगनाथन ग्रंथपाल होण्याआधी गणित शिकवायचे, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मी ती वाचली आणि मला ते रेल्वेचं वेळापत्रक आठवलं. कुणी रद्दीतही घातलं असतं ते. तुम्ही ते कपाटावर ठेवून दिलंत, त्याचा वाचक येईपर्यंत.

आणखीही पुष्कळ आहे. नवी पुस्तकं घ्यायला तुम्ही मुलांना बरोबर घेऊन अप्पा बळवंत चौकात जाता आणि त्यांनी निवडलेली घेता, ती तुम्हाला आवडली नाहीत तरी. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत, हे तुम्ही पालकसभेत सांगितलंत. ते ऐकून घरी माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या शाळकरी दिवसांतले अंक शोधून काढले. मे महिन्यात शाळा बंद, म्हणून १८४८ पासून चालत आलेल्या पुणे नगर वाचन मंदिराची वाट तुम्हीच दाखवलीत.

मी रोजचा नेम केव्हाच सोडला आहे. संध्याकाळी आता तो त्याचं वाचतो, मी माझं. काय कळलं ते विचारत नाही. कधी कधी तोच येऊन सांगतो, कधी नाही सांगत.

बाई, मनापासून आभार. माझ्या मुलाला तुम्ही वेळ दिलात, आणि मी घाई करत असताना मलाही थांबवलंत.

एक सांगायचं राहिलं. पडताळणीत न सापडलेलं पुलांच्या बांधकामाचं पुस्तक आमच्याकडे निघालं, ते मामाच्या घरी चिंचवडला राहिलं होतं. मुदत केव्हाच उलटून गेली आहे. शाळा उघडली की तो स्वतः आणून देईल. "गहाळ"वर काट मारा, आता सोळाच उरले. दंड मात्र त्याच्याकडून घ्या, त्याने खाऊच्या पैशांतून बाजूला काढून ठेवला आहे. आणि मागच्या पाकिटातली चिठ्ठी अजून लिहून व्हायची आहे, तेवढे दोन दिवस जास्त द्या.

आपली कृतज्ञ,
सातवी 'ब'मधल्या एका मुलाची आई
कोथरूड, पुणे