कुंभारगावच्या त्या माणसांचे आभार

रविवारी आमच्या निसर्ग मंडळाची सहल कुंभारगावला होती, उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो बघायला. पहाटे गावाबाहेर गाडीचं मागचं चाक चरात रुतलं. उसाच्या ट्रॅक्टरवाल्या दादांनी न सांगता दोर बांधला, गाडी ओढून काढली आणि नाव विचारेपर्यंत निघूनही गेले.

नावाडी काकांनी थव्यापासून लांबच इंजिन बंद केलं आणि पुढे बांबूने होडी रेटली. "जवळ गेलं की उडत्यात, मग त्यांचं खाणं ऱ्हातं," एवढंच म्हणाले. आमच्यातल्या कॅमेरेवाल्यांनी तोंडं वाकडी केली. करू देत! त्यामुळेच तर रोहित चोच उलटी बुडवून चिखलपाणी गाळताना निवांत बघता आले. पलीकडे हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, म्हणजे एका जातीचे हंस होते; डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या दुर्बिणीतून स्पष्ट दिसल्या.

काठावर परतल्यावर आमच्यातल्या एका छोटीला मळमळायला लागलं. तिला लिंबूपाणी देऊन पैसे घ्यायला साफ नकार देणाऱ्या मावशींचेही मनापासून आभार. मावशी, तुमचा तांब्या चुकून आमच्या गाडीत आलाय. पुढच्या फेरीत आणून देतो.