दादाचे कान

मास्तर,

सहा महिने एक ओळ नाही, कान पकडतो. माझी तब्येत ठीक, आईचा गुडघा होता तसाच.

मंगळवारी दादाची कानांची तपासणी झाली. बंद खोलीत हेडफोन लावून बसला होता, आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून मी बघत होतो. पठ्ठ्याने एकही बीप सोडला नाही. ऑडिओग्राम नॉर्मल. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "छान!" तर त्याचा चेहरा पडला. "चिडलास का रे?" म्हणाला.

माझे पायच गळाले. डॉक्टरांनी मग नीट समजावलं. दादाच्या आजारात, म्हणजे स्किझोफ्रेनियात, कान शाबूत असूनही अनेकांना दोन सुरांतला बारीक फरक पकडता येत नाही. आणि राग, माया, थट्टा हे सगळं सुराच्या चढउतारातच तर असतं! एकसारख्या आवाजांत मध्येच वेगळा सूर आला, की लक्ष नसतानाही आपला मेंदू पाव सेकंदाच्या आत त्याची दखल घेतो, ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात, ते दिसतं. या आजारात ती दखल क्षीण होते. 1991 साली हे छापून आलंय, मास्तर. आपण तेव्हा दहावीत होतो.

शब्दच अर्धवट पोचले तर लक्षात काय राहणार? मी एका दमात चार कामं सांगायचो, तो दुसऱ्यावरच अडकायचा, की मी आवाज चढवायचो. गच्चीवरचं भांडण आठवतं? तू म्हणालास, "ओरडू नकोस, त्याला कळत नाहीये." मी म्हटलं, "सोयीचं तेवढं बरोबर ऐकतो." तीन आठवडे अबोला. तुझंच खरं होतं रे. (कॅरममधली ती राणी मात्र माझीच, त्यावर अजून ठाम आहे.)

गोळ्यांनी त्याला ऐकू येणारे भास कमी झाले, पण हे दुखणं गोळ्यांना फारसं दाद देत नाही. सूर ओळखायचे कॉम्प्युटरवरचे व्यायाम असतात. काही प्रयोगांत त्यांनी शब्द लक्षात राहणं सुधारलं, काहींत नाही. करून बघणार आहोत. तोवर टीव्ही बंद करून समोर बसतो, एका वेळी एकच गोष्ट सांगतो. "मी खूश आहे" हेसुद्धा शब्दांत सांगतो. काल सांगितलं, तर कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला.

तुझ्या बदलीचं काय? धाकटीची परीक्षा झाली? वहिनींना नमस्कार.

रविवारी दादाला फोन कर. मोठ्याने नको, सावकाश बोल. आणि थट्टा करणार असलास, तर थट्टा करतोय हे आधी सांग.

तुझाच