मागच्या वर्षीचा पेपर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मागच्या वर्षी तू काढलेला पेपर मुलांच्या ग्रुपवर फिरत होता, यंदा त्यातलेच बरेच प्रश्न तू पुन्हा घातलेस आणि ज्यांच्याकडे तो होता त्यांची चंगळ झाली. त्यांच्यावर कारवाई करावी का, असं विचारतोस. करू नकोस. तुझा राग कळतो. एक चांगला प्रश्न सुचायला किती डोकं खाजवावं लागतं, ते पेपर काढणाऱ्यालाच ठाऊक.

पण परीक्षा संपल्यावर तू प्रश्नपत्रिका परत घेतल्या होत्यास का? पत्रात तसं काही नाही, म्हणजे घेतल्या नसणार. जो कागद मुलं तुझ्यादेखत घरी घेऊन गेली, तो त्यांनी मागून येणाऱ्या बॅचला दिला तर त्यात चोरी कसली? होऊन गेलेला पेपर फुटत नाही. सकाळच्या बॅचने बाहेर पडून दुपारच्या बॅचला प्रश्न सांगितले असते, किंवा परत करायच्या कागदाचा कोणी गुपचूप फोटो काढला असता, तर मीही तुझ्या बाजूने भांडलो असतो.

प्रश्न खरोखरच गुप्त ठेवावे लागतात अशा परीक्षा आहेत, हे मान्य. जीआरई ही अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा संगणकावर सुरू झाल्यावर तेच प्रश्न पुन्हापुन्हा येत. १९९४ मध्ये कॅप्लन या शिकवणी कंपनीने आपली माणसं परीक्षेला बसवली आणि आठवतील तितके प्रश्न उतरवून काढून ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेला दाखवले. ईटीएसला काही काळ परीक्षा थांबवावी लागली, शिवाय तिने कंपनीला कोर्टात खेचलं. पण तिथे प्रश्नसंच राखून ठेवलेला असतो आणि उमेदवाराला तसं आधी बजावलेलं असतं. तू कोणाला काय बजावलं होतंस?

कॉपीराइटचा मुद्दा तू काढलास, तो कागदावर बरोबर आहे. १९१६ मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने गणिताच्या प्रश्नपत्रिकांनाही कॉपीराइट असतो असा निकाल दिला होता. पण तो वाद पेपर छापून विकणाऱ्या प्रकाशकाशी होता. मित्राला पेपर देणाऱ्या पोरामागे तोच कायदा घेऊन धावणार आहेस का? उलट न्यूयॉर्क राज्याने १९७९ मध्ये कायदाच केला, की प्रवेश परीक्षा घेणाऱ्यांनी झालेले प्रश्न आणि उत्तरं परीक्षार्थींना उपलब्ध करून द्यावीत.

मला खटकतं ते वेगळंच. पेपर कोणाला मिळाला आणि कोणाला नाही? ज्यांची सीनियरांशी ओळख, जे हॉस्टेलवर राहतात, ज्यांना ग्रुपमध्ये घेतलं जातं, त्यांना मिळाला. लांबून ये-जा करणारी, बुजरी, नव्याने आलेली मुलगी कोरडीच राहिली. मग तुझ्या गुणपत्रिकेत विषयापेक्षा ओळखीच जास्त उतरल्या. म्हणून म्हणतो, पेपर वाटणाऱ्याला दोष देऊ नकोस. जवळ पेपर असून ‘माझ्याकडे नाही रे’ म्हणणारा दोषी. आणि, रागावू नकोस, पेपर फिरतो हे माहीत असून तेच प्रश्न पुन्हा घालणाराही.

उपाय सोपा आहे, पण कष्टाचा: गेल्या सगळ्या वर्षांचे पेपर तूच विभागाच्या पानावर टाक. अमेरिकेतली एमआयटी आपल्या बऱ्याच अभ्यासक्रमांचे जुने पेपर ओपनकोर्सवेअर या संकेतस्थळावर सगळ्या जगाला फुकट देते. मुलं नुसते पेपर सोडवत बसतील, अशी भीती तुला वाटेल. बसू देत की! रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर, वाचून झाल्यावर तो आठवून लिहून काढणारे पुढे होते. म्हणजे प्रश्नाशी झटापट हाच अभ्यास. फक्त तयार उत्तरं सोबत द्यावीत की नाही, यावर माझं मन डळमळतं. ती मिळाली की घोकंपट्टी सुरू होते. गुणांची विभागणी दे, उत्तरं त्यांची त्यांना शोधू देत.

यंदाचे गुण आहेत तसे राहू देत. ते बदलायला गेलास तर ज्याने प्रामाणिकपणे अभ्यास केला तोही भरडला जाईल. पुढच्या सत्रात मात्र नवे प्रश्न काढ, आणि अगदीच वेळ नसेल तर निदान आकडे तरी बदल, गड्या.

तुझा,
जुना बाकमित्र