लस न घेता डास चावून घेतलेल्या त्या सहा जणांना

नमस्कार,

अमेरिकेत वॉल्टर रीड संस्थेत हिवतापाच्या आरटीएस,एस लशीची कसोटी लागली, तेव्हा लस न टोचताच तुम्ही सहा जणांनी हात पुढे केलेत. जानेवारी 1997 मध्ये निकाल छापून आला. लशीच्या तीन मिश्रणांपैकी जे सरस ठरलं, ते घेतलेल्या सातांपैकी सहा जण हिवतापापासून वाचले, हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. तुम्ही सहाच्या सहा जण आजारी पडलात म्हणून त्याला किंमत आली. नाहीतर डासच नीट चावले नसतील, असं कोणीही म्हटलं असतं.

ती शंका फुकाची नसते. रोगाचं रक्त पाजल्यावर डास दोन-तीन आठवडे सांभाळावे लागतात, कारण हिवतापाचा परजीवी पोटातून लाळग्रंथीत पोचायला तेवढा वेळ जातो. ऊब बिघडली की पोटात गाठी दिसतात आणि ग्रंथी रिकाम्या निघतात. म्हणून अशा कसोटीत जाळीने तोंड बांधलेल्या कपातले पाच डास पाचेक मिनिटं हातावर धरतात, मग एकेक फाडून पाहतात: पोटात ताजं रक्त आहे का, ग्रंथीत स्पोरोझोइट, म्हणजे चाव्यातून माणसात उतरणारं परजीवीचं रूप, पुरेसे आहेत का. एखादा नापास झाला की दुसरा डास, पुन्हा तोच हात. जात ॲनोफिलीस स्टेफेन्सी, मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत वाढते तीच.

पुढचे सहा-सात दिवस परजीवी यकृतात असतो, रक्तात काही सापडत नाही. त्यानंतर रोज रक्त देणं आलं. त्या रक्ताच्या जाड लेपाची काचपट्टी पूर्ण वाळू द्यावी लागते. घाईने गीम्सा या रंगात बुडवली तर लेपच धुऊन जातो. ती मिथेनॉलमध्ये बुडवायची नाही, नाहीतर तांबड्या पेशी फुटत नाहीत आणि परजीवी त्यांच्याआड राहतो. रंग कालवायच्या पाण्याचा सामू (पीएच) 7.2 हवा. पाणी आम्ल झालं की परजीवीच्या केंद्रकाचा लाल ठिपका फिका पडतो, आणि शोधायचा असतो तो नेमका तोच.

औषधाला दाद देणारा परजीवीचा वाण मुद्दाम निवडलेला असतो, आणि फाल्सिपेरम ही त्याची जात व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीसारखी यकृतात दडून राहत नाही. तरीही हुडहुडी, ताप, डोकेदुखी येणार हे माहीत असून तुम्ही बाही वर केलीत.

ती लस 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतल्या मुलांसाठी शिफारस केली. 2023 मध्ये शिफारस मिळालेली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर21 ही लसही परजीवीच्या त्याच प्रथिनावर बेतलेली आहे. मनापासून आभार.

तुमचे,
हिवतापाच्या काचपट्ट्या वाचणारे आम्ही