दुसरे पत्र: नातीची सायकल, 204 ची गाडी आणि समितीचे मौन

मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
कोथरूड, पुणे

स.न.वि.वि.

माझ्या पहिल्या अर्जाला उत्तर आलेले नाही. सचिवांना जिन्यात गाठले, तर "काका, तुमचं तुम्ही आपसांत मिटवून टाका ना" म्हणाले. आपसांत मिटले असते तर अर्ज कशाला खरडला असता?

प्रकार आपल्याला ठाऊक आहे. सदनिका क्र. 204 च्या सभासदांनी गाडी रिव्हर्स घेताना माझ्या नातीच्या सायकलवर घातली. मुद्दाम घातली असे मी म्हटलेले नाही. पण उतरल्यावर गृहस्थ आधी स्वतःच्या बंपरवरून हात फिरवतात आणि मग सात वर्षांच्या पोरीला "इथे लावायला कोणी सांगितली होती?" असे दरडावतात, हे कोणत्या शिष्टाचारात बसते? सायकलचे मागचे चाक पिवळ्या पट्ट्यावर होते, पट्ट्याच्या आत नव्हते. पट्टा कोणाच्या मालकीचा, याबद्दल सोसायटीच्या उपविधींत (नियमावलीत) काही नाही. मी पाहिले.

सायकलवाल्याने चाक फिरवून दाखवले. रिम आऊट काढण्याच्या पलीकडे गेली आहे, स्पोक तुटलेत, मडगार्ड टायरवर घासते. खर्च 1,150 रुपये. 204 म्हणतात, निम्मे देतो. निम्म्या चाकावर पोरीने सायकल चालवायची कशी?

शिवाय "ही जागा मी बिल्डरला पैसे मोजून घेतली आहे" हे पालुपद आहेच. स्टिल्ट पार्किंग (इमारतीखालची, खांबांमधली गाड्यांची जागा) बिल्डरला वेगळे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितले आहे. (माझी जागाही बिल्डरकडूनच घेतलेली आहे, पण तो या पत्राचा विषय नाही.)

विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. त्यांच्या एसीचे पाणी आमच्या तुळशीत ठिबकते. चपलांचे कपाट जिन्यात. गणपतीत ऐन आरतीला यांची गाडी धुणे चालू. मी कधी अवाक्षर काढले नाही. काढले ते तोंडी.

पहिल्या मजल्यावर सगळ्यांचे मत माझ्यासारखेच आहे. 103 च्या वहिनी तर "तुम्ही लिहाच" म्हणाल्या. नाव घालू नका असेही म्हणाल्या, म्हणून नाव घालत नाही.

आदर्श उपविधींप्रमाणे लेखी तक्रारीवर समितीने पुढच्याच सभेत निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर 15 दिवसांत सभासदाला कळवायचा असतो. मागच्या सभेत गेटच्या रंगावर तासभर चर्चा झाल्याचे ऐकतो. रंग छान आहे.

माझ्या मागण्या फार नाहीत. बिलाची पूर्ण रक्कम मिळावी. 204 नी नातीशी दोन शब्द नीट बोलावे, माझ्याशी नाही बोलले तरी चालेल. आणि मुलांच्या सायकलींसाठी स्टँड बसवावा. 204 च्या बाल्कनीखाली जागा रिकामी आहे, टेपने मोजली, पाच सायकली सहज राहतील. संध्याकाळी थोडी घंट्यांची किणकिण होईल, तेवढे ते समजून घेतील.

उत्तर लेखी द्यावे. व्हॉट्सॲपवरचा अंगठा उत्तर म्हणून धरला जाणार नाही.

कळावे,
सदनिका क्र. 104

प्रत : सचिव
प्रत : उपनिबंधक, सहकारी संस्था (तयार आहे, अजून पाठवलेली नाही)